गर्भात पडलेली घडी

13 जुलै 1985, शनिवार. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना ऑपरेशनसाठी भूल दिली गेली. त्याआधी त्यांनी एका पत्रावर सही करून अध्यक्षपदाचे अधिकार उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याकडे सोपवले. शुद्धीवर आल्यावर, सुमारे आठ तासांनी, ते परत घेतले. आदल्याच दिवशी दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला एक मांसल कोंब दिसला होता. असेल काही सेंटीमीटरचा. सर्जननी तो काढला, पण त्याच्याबरोबर आतडे काढले सुमारे दोन फूट. दोन दिवसांनी अहवाल आला की कोंबात कॅन्सर होता. रेगन त्यानंतर आणखी जवळजवळ एकोणीस वर्षे जगले.

एवढ्याशा कोंबासाठी दोन फूट आतडे हा हिशेब पहिल्यांदा ऐकताना अघोरी वाटतो. गाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे चार बोटे आतडे काढून भागले नसते का? अध्यक्षांच्या बाबतीत सर्जननी जरा जास्तच सावधगिरी बाळगली म्हणावे, तर आजही त्या जागेच्या कॅन्सरसाठी जगभर साधारण तेवढाच भाग काढतात. खरे म्हणजे किती कापायचे हे सर्जनच्या मर्जीवर नसतेच. रेगन यांच्यापुरते ते ठरले 1910 साली, ते आईच्या पोटात जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरचे होते तेव्हा. तुमचे आणि माझेही त्याच वयात ठरून गेले आहे.

आधी जागा पाहून घेऊ. अपेंडिक्सचे दुखणे दाखवताना लोक पोटाच्या उजव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाजवळ जिथे हात ठेवतात, तिथे मोठे आतडे सुरू होते. लहान आतडे तिथे येऊन त्याला बाजूने मिळते. दाराशी झडप असते, आत गेलेला ऐवज सहसा मागे फिरू न देणारी. दाराच्या खाली जी आंधळी पिशवी उरते ती सीकम. अपेंडिक्स तिच्याच बुडाला लोंबते आणि रेगन यांचा कोंबही याच भागात होता. इथून आतडे उजव्या कुशीने वर चढते, यकृताच्या खाली पोचून डावीकडे वळते, पोट आडवे ओलांडते, डाव्या फासळ्यांखाली प्लीहेपाशी दुसरे वळण घेते आणि डाव्या कुशीने खाली उतरते. शेवटी इंग्रजी एस अक्षराची नागमोड घेते, म्हणून त्या भागाला सिग्मॉइड म्हणतात. त्यानंतर गुदाशय. सगळी लांबी सुमारे दीड मीटर. सहा मीटरच्या आसपासचे लहान आतडे या चौकटीच्या आत गुंडाळून बसलेले असते. आडवा भाग मात्र शिस्तीत आडवा राहीलच असे नाही. काहींच्यात तो बेंबीच्या खालपर्यंत झोल देऊन लोंबतो, आणि तेही पूर्णपणे निरोगी असते.

पोट उघडल्यावर आतड्यांच्या गर्दीत मोठे कोणते हे सर्जनला लगेच कळते. लहान आतडे बाहेरून गुळगुळीत. मोठ्याला फुगवटे असतात, आणि बाहेरून पिवळ्या चरबीची बारीक लोंबती गोंडेदार टोके. फुगवट्यांचे कारण मजेशीर आहे. लहान आतड्याभोवती लांबीच्या दिशेने जाणाऱ्या स्नायूंचा अखंड थर असतो. मोठ्या आतड्यात तो थर तीन पट्ट्यांत गोळा होतो आणि या पट्ट्या खुद्द आतड्यापेक्षा आखूड पडतात. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड चुणते, तसे आतडे या तीन पट्ट्यांवर चुणून बसते. तिन्ही पट्ट्या सीकमच्या बुडाशी एकत्र येतात, बरोबर अपेंडिक्सच्या मुळाशी. म्हणूनच अपेंडिक्स काही केल्या सापडेना झाले की सर्जन एक पट्टी धरतो आणि तिच्यावरून खाली खाली येतो. ती त्याला न चुकता मुक्कामी पोचवते.

या चुणलेल्या नळीचे काम काय, तर पहिले म्हणजे पाणी राखणे. आपण दिवसभरात पितो-खातो ते साधारण दोन लिटर द्रव. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून आणखी सातेक लिटरची भर पडते. म्हणजे रोज नऊ लिटरच्या आसपास द्रव लहान आतड्यात उतरतो आणि त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. मोठ्या आतड्याच्या दारात पोचतो लिटर-दीड लिटर, आणि शौचावाटे बाहेर पडते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी. वेळ पडली तर मोठे आतडे दिवसाला चार-पाच लिटरही परत खेचू शकते. हे काम सावकाश चालते. एरवी फुगवटे आतला ऐवज जागच्या जागी मागेपुढे घोळवत राहतात. दिवसातून एक ते तीन वेळाच एक मोठी लाट येते आणि सगळा माल एकदम पुढे ढकलते. जठरात काही पडले की ही लाट यायला निमित्त मिळते. सकाळचा चहा घेतल्याशिवाय ज्यांची गाडी हलत नाही त्यांना हा प्रतिक्षेप पुस्तकात वाचावा लागत नाही.

दुसरे काम जिवाणूंना नांदवणे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2016 साली नव्याने मोजदाद केली. एका सरासरी पुरुषाच्या शरीरातले जिवाणू सुमारे 38 लाख कोटी, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. जिवाणू इतके बारीक की सगळ्यांचे वजन भरते पावशेरही नाही, दोनशे ग्रॅम. जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. तिथे ऑक्सिजन नसल्यातच जमा, आणि यातल्या बहुतेकांना तो सोसतही नाही. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांपैकी ब्युटिरेट नावाचे आम्ल आतड्याच्या अस्तराच्या पेशी खातात. शरीरातल्या बाकी पेशी रक्तातून आलेल्या अन्नावर जगतात. या पेशींना मात्र बहुतांश ऊर्जा जिवाणूंच्या ताटातून मिळते. एवढी जिवाणूंची वस्ती एका पेशीच्या जाडीच्या अस्तराला टेकून असताना रोज जंतुसंसर्ग कसा होत नाही? मध्ये श्लेष्म्याचा, साध्या भाषेत शेंबडासारख्या बुळबुळीत पदार्थाचा, दुहेरी थर असतो. स्वीडनमधल्या योटेबोरीच्या संशोधकांनी 2008 साली उंदरांत दाखवले की बाहेरच्या थरात जिवाणूंची रेलचेल असते आणि आतला घट्ट थर जवळजवळ कोरा. अस्तर स्वतःही चार-पाच दिवसांत संपूर्ण बदलून टाकले जाते.

जिवाणू आंबवतात म्हणजे वायूही सोडतात. त्यात हायड्रोजन असतो, काहींच्यात मिथेनही, आणि दोन्ही पेट घेणारे. पूर्वी तपासणीआधी पोट साफ करायला मॅनिटॉल नावाची साखर पाजत. जिवाणूंनी तिचा भरपूर हायड्रोजन केला, आणि कोंब जाळून काढण्यासाठी वापरलेल्या विजेच्या ठिणगीने आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद 1979 साली प्रसिद्ध झाली. मॅनिटॉल मग मागे पडले. आता तपासणीच्या आदल्या दिवशी जे खारट पाणी तांब्या-तांब्याने प्यायला लावतात, त्याला नाके मुरडण्याआधी हे आठवावे.

नळीच्या रुंदीतही बराच अर्थ आहे. सीकम सात-आठ सेंटीमीटर रुंद, तर सिग्मॉइड त्याच्या निम्म्याहून कमी. उजवीकडे माल पातळ आणि जागा ऐसपैस, म्हणून तिथली गाठ अडथळा न करता महिनोन् महिने वाढू शकते. ती थोडे थोडे रक्त गळवत राहते, डोळ्यांना दिसणार नाही असे. माणूस जिना चढताना धापा टाकायला लागतो आणि हिमोग्लोबिन उतरलेले निघते. साठीच्या पुरुषाला कारण नसताना पंडुरोग झाला की शहाणा डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देऊन थांबत नाही, तो आतडे पाहायला सांगतो. डावीकडे माल घट्ट, नळी अरुंद. तिथली गाठ शौचाच्या सवयी बदलते, कधी सरळ वाट बंद करते. अरुंद नळीत दाबही जास्त. भित्तीत रक्तवाहिन्या जिथून शिरतात त्या जागा मुळातच दुबळ्या असतात, तिथून अस्तर बाहेर फुगून बारीक पिशव्या होतात. त्या सुजून, भरून, पुन्हा सुजून नळी आकसते. पोप फ्रान्सिस यांना हेच झाले होते. 4 जुलै 2021 रोजी रोमच्या जेमेली रुग्णालयात त्यांच्या आतड्याचा डावा भाग काढला. आपल्याला 33 सेंटीमीटर आतडे कमी आहे, असे ते पुढे मुलाखतीत मोकळेपणाने सांगत.

अशा अवयवाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थोरामोठ्यांनी निरुपयोगी ठरवले होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेच्निकॉफ म्हणजे 1908 चे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे, मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विष रक्तात भिनते आणि म्हातारपण लवकर येते. मग निसर्गाने हा अवयव दिलाच का? तर सस्तन प्राण्यांना पळता पळता शौचाला थांबावे लागू नये म्हणून! मेच्निकॉफ यांनी उपाय सुचवला तो आंबट दुधाचा. लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे सर्जन विल्यम आर्बथनॉट लेन यांना मात्र हातात सुरी असताना दह्यावर थांबवेना. त्यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे, त्यांत स्त्रियाच फार, आधी मोठे आतडे टाळून लहान आतडे थेट खालच्या टोकाला जोडायला सुरुवात केली. पुढे अख्खे मोठे आतडेच काढू लागले. लेन हे हाताला विलक्षण सफाई असलेले सर्जन होते, हाडांच्या शस्त्रक्रियेत त्यांचे नाव आजही आदराने घेतात. कसबी माणसाच्या हाती चुकीची कल्पना पडली की ती लवकर सुटत नाही, हे वैद्यकात पुन्हा पुन्हा दिसते. 1913 साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषावर लांबलचक वाद झडला. 1920 च्या दशकात अमेरिकेत निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला गेला. विषाच्या माथी मारली जाणारी तीच डोकेदुखी, तीच मरगळ, आणि कापूस काढताच सगळे पळाले. रक्तात भिनलेले विष इतक्या झटपट उतरत नाही. त्रास ताणाचा होता. लेन स्वतःही पुढे आहाराच्या प्रचाराकडे वळले. त्यांची कल्पना मात्र ‘डिटॉक्स’च्या जाहिरातींत सुखाने नांदते आहे. मुलांना मधूनमधून एरंडेल पाजणाऱ्या आपल्या आज्यांनी लेनचे नाव ऐकले नव्हते, तरी दोघांचे पटले असते.

आता ती आईच्या पोटातली गोष्ट. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आतडे म्हणजे पोटाच्या मधोमध उभी असलेली एक साधी सरळ नळी. पाठीच्या कण्यापासून निघालेल्या एका पातळ पडद्याने ती धरून ठेवलेली, आणि त्याच पडद्यातून रक्तवाहिन्या तिच्यापर्यंत येतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास नळी भराभर लांबू लागते. पोटात जागा नसते, कारण यकृताने ते जवळपास व्यापलेले असते. मग आतड्याचा लांब फासा सरळ पोटाबाहेर पडतो आणि नाळेत जाऊन राहतो. प्रत्येक माणसाचे आतडे आयुष्यातले सुमारे चार आठवडे असे शरीराबाहेर काढते! तिथेच तो फासा आपल्याच मुख्य धमनीभोवती वळायला लागतो. समोरून पाहिले तर घड्याळाच्या उलट दिशेने. दहाव्या आठवड्यात पोटात जागा होते आणि आतडे परत आत येते. लहान आतडे आधी, सीकम सर्वांत शेवटी. आत येताना वळणे चालूच. एकूण वळण 270 अंशांचे, म्हणजे पूर्ण वर्तुळाला एक चतुर्थांश कमी. सीकम प्रथम यकृताखाली थांबते, नंतर उजव्या कुशीने खाली सरकून आपल्या जागी बसते. लहान आतडे मध्ये आणि मोठे आतडे भोवती, ही चौकट अशी तयार होते. हे वळण कुणाकुणाचे अर्धवट राहते. अशा बाळाची अख्खी आतडी अरुंद देठावर लोंबत राहतात आणि त्या देठालाच पीळ पडू शकतो. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की बालशल्यचिकित्सक रात्री-अपरात्रीही धावतात, ते याच भीतीने.

जागी बसल्यावर आणखी एक गोष्ट घडते, आणि सर्जनच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची. चढता आणि उतरता भाग आपापल्या पडद्यासकट पोटाच्या मागच्या भिंतीवर आडवे पडतात आणि तिथे चिकटतात. आडवा भाग आणि सिग्मॉइड मोकळे राहतात. चिकटलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये तलम तंतूंचा एक थर उरतो. ऑस्ट्रियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल टोल्ट यांनी 1879 साली त्याचे वर्णन केले. पण पुढे फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी, ‘एलिफंट मॅन’ची काळजी वाहिलेले तेच लंडनचे सर्जन, 1885 च्या व्याख्यानांत सांगितले की चढत्या-उतरत्या भागांना बहुधा पडदा नसतोच. वजनदार माणसाचे मत. शंभराहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांनी ट्रीव्ह्ज यांचीच री ओढली. आयर्लंडमधल्या लिमरिकचे सर्जन कॅल्विन कॉफी आणि सहकाऱ्यांनी अलीकडे दाखवून दिले की पडदा लहान आतड्यापासून गुदाशयापर्यंत अखंड एकच आहे. 2016 साली त्याला स्वतंत्र अवयवाचा मान द्यावा असेही त्यांनी सुचवले. टोल्ट यांचे निरीक्षण बरोबर ठरले, ऑपरेशन टेबलावर तर ते आधीपासूनच बरोबर होते.

रेगन यांच्या दोन फुटांचे उत्तर याच पडद्यात आहे. मोठ्या आतड्याला रक्त देणाऱ्या मुख्य धमन्या दोन. वरचीकडून उजवी बाजू आणि आडव्या भागाचा बहुतांश, खालचीकडून बाकीचे. वरची म्हणजे तीच, जिच्याभोवती गर्भात सगळे आतडे वळले होते. या धमन्यांच्या फांद्या पडद्यातून आतड्याकडे जातात, आणि लसिकावाहिन्या त्यांच्याच सोबतीने उलट येतात. कॅन्सरच्या पेशी सुटल्या तर याच वाटेने मुळाकडे निघतात आणि वाटेतल्या लसिकाग्रंथींमध्ये अडकतात. त्या ग्रंथी काढायच्या तर धमनीची फांदी मुळाशी बांधून, पडदा न फाडता, सगळा एका तुकड्यात काढावा लागतो. फांदी मुळाशी बांधली की तिच्यावर पोसलेले सगळे आतडे मरणार. म्हणून तेही काढायचे. गाठीपुरते पाहिले तर दोन्ही बाजूंना पाचेक सेंटीमीटर पुरेसे असतात, उरलेली लांबी रक्तवाहिन्यांची. काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे गेला की तो पडद्यातल्या चरबीतून ग्रंथी शोधतो. निदान बारा तरी सापडाव्यात असा दंडक आहे. बारा हाती लागल्या नाहीत तर आजार किती पसरला याचा अंदाज कच्चा समजतात.

प्रत्यक्ष ऑपरेशन पाहताना नवल वाटते ते रक्त किती कमी दिसते याचे. उजवी बाजू काढायची आहे असे धरू. आता बहुधा पोटात घातलेल्या दुर्बिणीतून काढतात. पहिले असे ऑपरेशन मायामीत मोइझेस जेकब्स यांनी 1990 साली केले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केलेली, टीव्हीच्या स्क्रीनवर सगळे मोठे करून दिसत असते. उजव्या कुशीला, आतडे जिथे भिंतीला चिकटले आहे, तिथे एक फिकट पांढरी रेघ दिसते. तिला टोल्टचेच नाव आहे. सर्जन त्या रेघेवर हलकेच कापतो, आतड्याला डावीकडे ताण देतो, आणि गर्भात चिकटलेली घडी उलगडायला लागते. कापणे जवळपास संपते, सोडवणे सुरू होते. पांढरट तंतू ताणले जातात, यंत्राच्या टोकाने किंवा गॉजच्या गोळीने सरकवले की सुटतात. दोन पिवळ्या चरबींच्या छटा वेगळ्या दिसतात. एक पडद्याची, एक मागच्या भिंतीची. सर्जनची नजर त्या दोन पिवळ्यांच्या मधल्या फटीवर. फटीत राहिला तर रक्त नाही. एका मिलीमीटरने खोल गेला तर मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी नळी धोक्यात. ती ओळखायची कशी? शेजारी तशाच दिसणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. सर्जन चिमट्याने तिला हलकेच टोचतो. रक्तवाहिनी ढिम्म राहते. मूत्रवाहिनी मात्र अळीसारखी वळवळते आणि आपली ओळख देते. आणखी वर गेले की जठरालगतचे लहान आतडे आणि स्वादुपिंडाचे डोके उघडे पडते. त्यांना हात न लावता आतडे वरून सोडवून घ्यायचे. शेवटी उजवा भाग पडद्यासकट हातात येतो, दहाव्या आठवड्यात होता तसा मोकळा, फक्त मधल्या धमन्यांवर लटकलेला.

गुदाशयाभोवतीही अशीच फट असते. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी 1982 साली दाखवले की ती फट न सोडता काढले तर कॅन्सर त्याच जागी परत येण्याचे प्रमाण झपाट्याने घटते. त्या फटीला ते पवित्र म्हणत. जिथे सर्जन मंडळी फारशी भावुक होत नाहीत अशा विषयात हा शब्द ऐकला की जरा थबकायला होते.

कापल्यावर जोडायचे. लहान आतड्याचे टोक आडव्या भागाला. आतडे जोडायची धडपड फार जुनी. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा एकत्र आणून तिथे काळ्या मुंग्या चावायला लावायच्या, मग धडे तोडून डोकी तशीच ठेवून आतडे पोटात परत घालायचे, अशी कृती दिली आहे. मुंगीचा चावा घट्ट बसतो आणि डोके शरीरात सावकाश विरून जाते. युरोपात पॅरिसच्या आंत्वान लेम्बेर यांनी 1826 साली एक साधी पण महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. कडांना कडा लावू नका, दोन्ही टोके आत वळवून बाहेरचे पृष्ठभाग एकमेकांना टेकवा, ते लवकर चिकटतात. 1887 साली अमेरिकेच्या विल्यम हाल्स्टेड यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की टाका धरून ठेवायची ताकद आतड्याच्या एकाच थरात असते. अस्तराच्या लगेच खालच्या, कागदाएवढ्या पातळ थरात. तो सुटला तर टाका सुटतो. बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्टल यांचे पहिले स्टेपल मारायचे यंत्र 1908 चे. वजन साडेतीन किलोच्या आसपास, आणि जुळवायला दोन तास. आजचे यंत्र एका हातात मावते आणि टायटॅनियमच्या पिना मारता मारता मधून कापतेही.

जोड टिकेल की नाही हे शेवटी रक्तावर. म्हणून कापलेल्या कडेतून लालभडक रक्त येते का हे पाहतात. आता शिरेतून एक हिरवे औषध देतात, अदृश्य प्रकाशाखाली रक्त पोचलेले आतडे हिरवे चमकते, न पोचलेले काळे राहते. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस नाजूक, कारण जुने तंतू विरघळत असतात आणि नवे पुरते विणलेले नसतात. हात लागला म्हणून आतडी रुसल्यासारखी गप्प होतात. लहान आतडे दिवसभरात सुरू होते, मोठ्याला तीन-चार दिवसही लागतात. राउंडला आलेल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न म्हणून ‘गॅस पास झाला का?’ हाच असतो, आणि नातेवाईक ‘हो’ म्हणताना लाजतात. लाजायचे कारण नाही, त्या क्षणी वॉर्डात याहून चांगली बातमी नसते. कोपनहेगनच्या हेनरिक केलेट यांनी 1990 च्या दशकात जुनी उपासमार बंद करून रुग्णांना लवकर चालवायला आणि लवकर खायला घालायला सुरुवात केली, तेव्हापासून रुग्णालयातले मुक्कामही आखडले आहेत.

कधी कधी सगळेच काढावे लागते. औषधांना न जुमानणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, किंवा शेकडो-हजारो कोंब उगवणारा तो आनुवंशिक आजार, ज्यात आतडे ठेवले तर कॅन्सर जवळजवळ ठरलेला. मग लहान आतड्याचे टोक पोटावर आणतात आणि तिथे पिशवी लावतात. पचनरस कातडी जाळतात, म्हणून ते टोक थोडे बाहेर काढून उलटे दुमडतात. 1952 साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी सुचवलेली ही दुमड आजही तशीच वापरतात. त्या लालसर टोकाला हात लावला तरी दुखत नाही. आतड्याला कापल्या-टोचल्याचे ज्ञान नाही, त्याला कळतो तो फक्त ताण. पिशवीची निगा शिकवणाऱ्या पहिल्या प्रशिक्षित तज्ज्ञ नॉर्मा गिल यांना स्वतःलाच अशी पिशवी होती. क्लीव्हलँडचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी 1958 साली आपल्या या माजी रुग्णालाच कामावर घेतले. पाणी राखणारा अवयव गेल्यामुळे अशा माणसाला मिठाकडे आयुष्यभर लक्ष द्यावे लागते. नुसते पाणी पिऊन भागत नाही, उन्हाळ्यात तर मीठ-साखरेचे पाणी हाताशी लागते.

1978 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या ॲलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी पिशवी टाळायचा मार्ग प्रसिद्ध केला. लहान आतड्याचे शेवटचे टोक दुमडून, शिवून आतच एक साठवण करायची आणि ती गुदद्वाराला जोडायची. सुरुवातीला दिवसातून दहा-बारा वेळा जावे लागते, मग साठवण सैलावते आणि चार-सहावर येते. काही महिन्यांनी त्या साठवणीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर लहान आतड्याचे बोटांसारखे अंकुर आखूड आणि सपाट झालेले दिसतात. श्लेष्म्याची जातही मोठ्या आतड्याच्या श्लेष्म्याकडे झुकते, आणि तिथे नांदायला आलेले जिवाणूही मोठ्या आतड्यातल्यांसारखेच असतात. हे सगळ्यांच्यात सारख्या प्रमाणात होत नाही. आणि सारखेपणा वाढला की जुने आजारही कधी कधी तिथे डोके वर काढतात, म्हणून साठवण झालेल्यांना अधूनमधून दुर्बिणीच्या तपासणीला बोलावतात. पोट साफ करायचे औषध त्यांनाही कधी कधी घ्यावे लागते, फक्त तांब्ये थोडे कमी.